पेणमध्ये पोलादाचा एवढा मोठा कारखाना, मग घराचा गर्डर बाहेरून का येतो? आणि तो निवडायचा कसा?

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की धरमतर खाडीच्या बाजूला डोलवीचा कारखाना दिसतो. पेण तालुक्यातला हा जेएसडब्ल्यू स्टीलचा प्रकल्प देशातल्या मोठ्या पोलाद प्रकल्पांपैकी एक आहे. आधी तो इस्पात इंडस्ट्रीजचा होता. २०१० च्या अखेरीस जेएसडब्ल्यूने इस्पात ताब्यात घेण्याची घोषणा केली आणि आज या कारखान्याची क्षमता वर्षाला १ कोटी टनांवर गेली आहे.

तरीही पेणमध्ये कुणाला घरावर मजला चढवायचा असेल किंवा रोह्यात कुणाला गाळ्यात पोटमाळा काढायचा असेल, तर त्यासाठी लागणारा लोखंडी गर्डर डोलवीतून येत नाही. तो शेकडो किलोमीटर प्रवास करून येतो. आणि आल्यावर तो नेमका किती जाडीचा, कोणत्या ग्रेडचा, किती वजनाचा घ्यायचा हे बऱ्याचदा फॅब्रिकेटर अंदाजाने ठरवतो. "दीडशेचा टाका, काही होत नाही" हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही बांधकामावर ऐकायला मिळेल.

दीडशेचा टाकला तर काय होतं, हे आकड्यांत बघता येतं. पण आधी गर्डर येतो कुठून ते बघू.

डोलवीत बनतं काय?

पोलाद कारखान्यांचा माल ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. एक सपाट माल, म्हणजे पत्रा, प्लेट आणि पत्र्याची मोठी गुंडाळी, जिला कॉइल म्हणतात. दुसरा लांब माल, म्हणजे सळई, अँगल, चॅनल, रेल्वेचे रूळ आणि गर्डर. डोलवीत मुख्यतः कॉइल बनते आणि जोडीला सळई. घराच्या स्लॅबमधली सळई डोलवीची असू शकते, गर्डर नाही.

गर्डर बनवायला वेगळी मिल लागते. लालभडक तापलेला पोलादाचा ठोकळा खाचा असलेल्या रुळांमधून पुन्हा पुन्हा काढला की हळूहळू त्याला इंग्रजी 'आय' अक्षराचा आकार येतो. अशा मिल सरकारी कंपनी सेलच्या भिलाई, दुर्गापूर आणि बर्नपूरच्या कारखान्यांत आहेत, विशाखापट्टणमला आहेत. जिंदलचा मोठा बीम कारखाना आहे तो रायगढला. हे रायगढ छत्तीसगडमधलं. आपल्या रायगडचा आणि त्याचा नावापुरताच संबंध! याशिवाय भंगार वितळवून किंवा विकत आणलेले ठोकळे तापवून माल काढणाऱ्या लहान रोलिंग मिलही देशभर आहेत, आणि बाजारात त्यांचा मालही भरपूर असतो.

हा सगळा माल आपल्या भागात प्रामुख्याने कळंबोलीच्या लोखंड बाजारातून फिरतो. मुंबईतला लोखंडाचा घाऊक व्यापार शहराबाहेर नेण्यासाठी हा बाजार वसवला गेला. कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. तिथून ट्रकने माल पेण, रोहा, माणगावकडे उतरतो.

'आय'चाच आकार का?

बीमवर वजन आलं की तो मधे खाली वाकतो. वाकताना त्याची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या भागाला त्या मानाने कमी काम असतं. म्हणून लोखंड जिथे काम आहे तिथे, म्हणजे वर आणि खाली जास्त ठेवायचं आणि मधे एक पातळ उभी पट्टी ठेवून दोघांना एकमेकांपासून लांब धरायचं. झाला 'आय'. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना फ्लँज म्हणतात, मधल्या उभ्या पट्टीला वेब.

ही अक्कल नवीन नाही. जुन्या घरातली सागाची तुळई बघा. सुतार ती रुंदीपेक्षा उंचीला जास्त ठेवायचे, कारण उभी तुळई कमी झुकते हे त्यांना हाताने कळलेलं होतं.

लोखंडात हा फरक फार मोठा होतो. २०० मिलिमीटर उंचीचा नेहमीचा गर्डर उभा ठेवला तर त्याचा ताठपणा दाखवणारा कोष्टकातला आकडा साधारण २,२३५ आहे. तोच गर्डर आडवा झोपवला तर हा आकडा १५० वर येतो. लोखंड तेच, पैसे तेवढेच, पण ताठपणा पंधरावा हिस्सा. "उंची कमी पडतेय, आडवा टाकू" असं कुणी म्हणालं तर हा आकडा आठवावा.

गर्डरवरचे नंबर कसे वाचायचे?

दुकानात 'आयएसएमबी २००' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ भारतीय मानकातला मध्यम वजनाचा बीम, उंची २०० मिलिमीटर. बोलीत तोच 'दोनशेचा गर्डर'. अजूनही बरेच जण इंचात बोलतात, मग दीडशेचा झाला सहा इंची, दोनशेचा आठ इंची. हलक्या वजनाचा एलबी, खांबासाठी सोयीचा रुंद एचबी असे भाऊबंदही आहेत. हे सगळे आकार आयएस ८०८ या मानकात दिलेले आहेत.

एमबी मालिकेत दर मीटरला वजन साधारण असं पडतं: १५० ला १५ किलो, २०० ला २५ किलो, २५० ला ३७ किलो, ३०० ला ४५ किलोच्या आसपास. मानकाच्या नव्या आवृत्तीत यात थोडाफार फरक आहे, पण खरेदीला जाताना एवढे चार आकडे फोनमध्ये लिहून ठेवले तरी खूप झालं.

आता यातली गंमत. २०० वरून २५० वर गेलं की वजन, म्हणजे पैसे, दीडपट होतात. ताठपणा मात्र सव्वादोनपटीच्या वर जातो. म्हणजे लोखंडाची उंची वाढवणं हा ताकद विकत घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दोन लहान बीम शेजारी ठेवण्यापेक्षा एक उंच बीम बहुतेक वेळा परवडतो. अडचण एकच, छताची उंची तेवढी खाली येते.

दीडशेचा टाकला तर?

एक साधा हिशोब करून बघू. समजा पेणमधल्या एका घरात ४ मीटर, म्हणजे साधारण १३ फूट रुंदीच्या खोलीवर मजला टाकायचाय. गर्डर दर दीड मीटरवर. वर डेक शीट आणि साधारण १०० मिलिमीटर काँक्रीट, त्यावर टाइल्स.

काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो. टाइल्स, खालचा मसाला आणि छताचं काम मिळून १०० किलो धरू. माणसं, कपाटं, पलंग यांच्यासाठी मानक सांगतं की राहत्या घरात दर चौरस मीटरला २०० किलो धरा. एकूण ५५० किलो. गर्डर दीड मीटर अंतरावर असल्यामुळे प्रत्येक गर्डरच्या दर मीटरवर साधारण ८२५ किलो येतात, त्याचं स्वतःचं वजन धरून ८५०. चार मीटरच्या एका गर्डरवर जवळपास ३.४ टन. एका छोट्या टेम्पोत मावणार नाही एवढं!

आता दीडशेचा गर्डर. मानकातला सुरक्षेचा गुणक लावून हिशोब केला तर त्याची ताकद अगदी काठावर येते, किंचित कमीच पडते. पण खरी भानगड ताकदीची नाही, झुकण्याची आहे. एवढ्या वजनाखाली दीडशेचा गर्डर मधे सुमारे १९ ते २० मिलिमीटर झुकेल. वर तडकणाऱ्या टाइल्स किंवा खाली भिंत असेल तर आयएस ८०० हे मानक लांबीच्या ३६० व्या हिश्शापर्यंतच झुकू देतं. चार मीटरला ती मर्यादा ११ मिलिमीटर.

म्हणजे घर पडणार नाही कदाचित. पण माणूस चालला की फरशी थरथरेल, टाइल्सचे सांधे उघडतील, खालच्या भिंतीला तडा जाईल आणि मग मिस्त्री, फॅब्रिकेटर आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवतील.

दोनशेचा गर्डर याच जागी साधारण ६ मिलिमीटर झुकतो. निवांत बसतो. आणि जादा खर्च? चार मीटरला ६० किलोऐवजी १०० किलो लोखंड. किलोला ६० रुपये धरले तर एका गर्डरमागे २,४०० रुपये. भाव रोज हलतो, पण फरक या घरातला आहे.

याच्यापुढे एक सापळा आहे. शेजाऱ्याकडे दोनशेचा चालला म्हणून आपल्याकडेही तोच टाकायचा. पण आपली खोली ४ नाही, साडेपाच मीटर आहे. मनात वाटतं, दीडच मीटर तर वाढलंय. पण एकसारखं वजन असताना झुकणं लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. साडेपाच मीटरला तोच दोनशेचा गर्डर २२ मिलिमीटरच्या वर झुकेल, मर्यादा १५ ची. ताकदीच्या हिशोबात मात्र तो अजून पास! इथे अडीचशेचा लागतो.

हा हिशोब समजून घेण्यापुरता आहे. प्रत्यक्षात खांब, जोड, पाया, वारा, भूकंप सगळं धरून स्ट्रक्चरल इंजिनिअर जो आकार देईल तोच घ्यायचा. पण इंजिनिअरने दोनशे लिहिलंय आणि साइटवर दीडशे उतरलाय, तर अडवायचं का, हे आता कळेल.

एक बाब आकड्यात दिसत नाही. पातळ फूटपट्टी उभी धरून वरून दाबली तर ती खाली वाकण्याआधी कुशीवर लवंडते. लांब गर्डरचंही तसंच होतं. वरची फ्लँज दाबली जात असते आणि तिला बाजूने आधार नसेल तर गर्डर पिळवटून आडवा होतो. वर स्लॅब किंवा डेक शीट नीट पक्की केलेली असेल तर ती फ्लँजला धरून ठेवते. नुसत्या फळ्या किंवा जाळी टाकून केलेल्या पोटमाळ्यात हा आधार नसतो, तिथे मधे आडवे जोड द्यावे लागतात. चॅनलची वेगळीच तऱ्हा आहे. तो एका बाजूने उघडा असल्यामुळे वरून वजन आलं की थोडा वळायलाच बघतो. म्हणून पोटमाळ्याचा मुख्य बीम म्हणून एकटा चॅनल टाकण्याची सवय फार चांगली नाही.

भारी ग्रेड घेतली तर लहान बीम चालेल?

हा प्रश्न हल्ली हमखास येतो, कारण दुकानदार 'ई २५०' आणि 'ई ३५०' असं काहीतरी सांगतो. आयएस २०६२ या मानकातल्या या ग्रेड आहेत. आकडा म्हणजे कायमचं वाकायला लागण्याआधी पोलाद किती ताण सोसेल ते, मेगापास्कलमध्ये. ३५० वालं पोलाद २५० पेक्षा ४० टक्के जास्त ताण घेतं. खरंय.

पण झुकण्याच्या बाबतीत दोन्ही अगदी सारखी. पोलादाचा मूळ ताठपणा ग्रेडने बदलत नाही. वरच्या उदाहरणातला दीडशेचा गर्डर ई ३५० चा घेतला तर ताकदीत आरामात पास होईल, झुकेल मात्र तेवढाच, १९ ते २० मिलिमीटर. घराच्या मजल्यात बहुतेक वेळा निर्णय झुकण्यावर होतो, त्यामुळे तिथे भारी ग्रेडचे जादा पैसे वाया जाऊ शकतात. उंच खांब, मोठे कारखाने, पूल अशा ठिकाणी तिचा उपयोग जास्त.

गर्डरला पर्यायही आहे. चौकोनी किंवा आयताकृती पोकळ पाइप आता पेण-रोह्यातल्या शेडमध्ये सगळीकडे दिसतो. तो बनतो कॉइलपासून. पट्टी कापून, वळवून, वेल्डिंग करून. म्हणजे डोलवीसारख्या कारखान्याचा माल शेवटी या वाटेने घराच्या छतात पोहोचू शकतो. पाइप पिळला जात नाही, रंगवायला सोपा आणि दिसायला नेटका. मोठ्या कारखान्यांच्या तयार शेडमध्ये प्लेटी कापून, जोडून हवा तसा 'आय' बनवतात, मधे जाड आणि टोकाला निमुळता. पण मजल्याच्या जड वजनाला, साध्या चौकोनी खोलीत, मिलमधून आलेला गर्डर अजूनही सर्वांत बिनडोकेदुखीचा पर्याय आहे.

गणपतीच्या कारखान्याचं गणित वेगळं

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांमध्ये जागा कायम कमी पडते. मूर्ती महिनोन्‌महिने बनत राहतात आणि गणेशोत्सवाच्या आधी बराचसा माल एकाच वेळी साठतो. मग शेडमध्ये माळे निघतात, एकावर एक.

इथे घराचा २०० किलोचा आकडा चालत नाही. गोदामासाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला किमान ७५० किलो धरायला सांगतं, आणि माल उंच रचला तर त्याहून जास्त. घराच्या पावणेचारपट. मूर्ती पोकळ असते, हलकी असते हे खरं, पण त्याच माळ्यावर पुढच्या वर्षी शाडूच्या मातीची किंवा प्लास्टरची पोती चढणार नाहीत याची हमी कोण देणार? वापर बदलला की बीमचा हिशोब बदलतो, आणि हे इंजिनिअरला आधी सांगितलं नाही तर त्याला कळायला मार्ग नाही.

पाण्याच्या टाकीचंही असंच. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. शेडच्या कैचीवर किंवा पोटमाळ्याच्या मधोमध ती 'तात्पुरती' ठेवली जाते आणि दहा वर्षं तिथेच राहते. ठेवायचीच असेल तर खांबाच्या डोक्याजवळ, आणि हिशोबात धरून.

३ जून २०२० ला काय झालं?

निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर. जिल्ह्यात घरांचे, शाळांचे, शेडचे पत्रे उडाले. ज्यांनी ते पाहिलं त्यांना एक गोष्ट पटकन पटेल: हलक्या छताला वजनाने खाली येण्यापेक्षा वाऱ्याने वर जाण्याची भीती जास्त असते.

कसं ते बघा. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटरचा झोत. त्या वेगाला दाब होतो दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो. छताच्या उतारानुसार, कडेला आणि कोपऱ्यात हा आकडा कमी-जास्त होतो, पण छतावर त्याचं रूप बऱ्याचदा ओढीचं असतं, वरच्या दिशेने. आणि पत्रा, पर्लिन मिळून छताचं वजन किती? दर चौरस मीटरला १०-१५ किलो. म्हणजे छत जागेवर राहतं ते वजनामुळे नाही, हुक बोल्ट, वेल्डिंग आणि खांबाच्या तळाच्या बोल्टमुळे.

ओढ वरच्या दिशेने आली की बीममधलं कामही उलटं होतं. एरवी ताणली जाणारी खालची पट्टी आता दाबली जाते. कैचीचा खालचा बारीक अँगल, जो ताणात उत्तम काम करतो, तो दाबाखाली काडीसारखा वाकतो. म्हणून शेड बांधताना "वरून वजन किती येणार" एवढंच विचारून भागत नाही. खाडीकाठच्या मोकळ्या जागेत, जिथे अडवायला झाड ना डोंगर, तिथे तर नाहीच.

निसर्गनंतर बऱ्याच जणांनी पत्रे जाड घेतले. बोल्ट मात्र जुन्याच अंतरावर मारले, तर जाड पत्र्याचा उपयोग मर्यादितच.

खारा वारा आणि धाटावचा वास

रायगडात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पेणच्या पश्चिमेला खारेपाट, खाडीची खारी हवा. रोह्याकडे कुंडलिकेची खाडी आणि धाटाव एमआयडीसीतले रसायन कारखाने. पोलादाला याहून वाईट शेजार मिळणं कठीण.

दीडशेच्या गर्डरची वेब पाच मिलिमीटरपेक्षाही किंचित पातळ असते. दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गंज खाल्ला की मधली पट्टी चाळीस टक्के संपली. तीनशेच्या गर्डरची वेब साडेसात मिलिमीटरची, तिला तेवढाच गंज त्या मानाने कमी लागतो. अशा हवेत आकार निवडताना थोडी जाडी राखून घेण्यात शहाणपण आहे.

गंज सगळीकडे सारखा लागत नाही. तो जागा शोधतो. गर्डर भिंतीत शिरतो ती जागा, खांब फरशीत गाडला जातो ती जागा, बाथरूमच्या खालचा बीम, उघडी बाजू वर करून टाकलेला चॅनल, ज्यात पावसाचं पाणी आणि पाला साचून राहतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भिंत फोडून बाहेर येतं. तोपर्यंत आत बरंच काही गेलेलं असतं.

रंगाबाबत आपल्याकडे एकच मंत्र, रेड ऑक्साइडचा एक हात. तोही बऱ्याचदा मिलमधून आलेल्या निळसर पापुद्र्यावर किंवा सरळ गंजावर. पापुद्रा सुटला की रंग त्याच्याबरोबर सुटतो. आधी घासून किंवा वाळूच्या फवाऱ्याने धातू उघडा करायचा, मग एपॉक्सी किंवा जस्त असलेला प्रायमर, मग वरचे हात. वेल्डिंगच्या जागा नंतर पुन्हा रंगवायच्या, कारण तिथला रंग जळलेला असतो. उघड्यावरच्या जिन्याला किंवा शेडच्या पर्लिनला गॅल्व्हनाइज केलेला माल महाग वाटतो, पण दर दोन-तीन पावसाळ्यांनी पाड बांधून रंग काढण्याचा खर्च धरला की चित्र बदलतं.

आग हा विषय घरात कुणी काढत नाही. पोलाद जळत नाही, पण साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. खाली स्वयंपाकघर, थिनर किंवा रंगाचा साठा असेल तर बीमवर प्लास्टर, बोर्ड किंवा आगरोधक लेप हवा. रंगाचं काम चालणाऱ्या मूर्तीच्या कारखान्यांत तर नक्कीच.

गर्डर भिंतीवर टेकवताना

रोहा-पेणच्या जुन्या घरांत विटेची नाहीतर चिऱ्याची भिंत असते. त्यात खाच पाडून गर्डरचं टोक ठेवलं की झालं, असं समजतात. पण वरच्या उदाहरणात प्रत्येक टोकाला १.७ टन येतात आणि तेही तळहाताएवढ्या जागेवर. खालची वीट चुरते. टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर लोखंडी प्लेट हवी, म्हणजे वजन पसरतं. जुनी भिंत मातीच्या जोडणीतली असेल तर तिच्यावर मजला चढवण्याऐवजी जमिनीपासून लोखंडी खांब काढणं बरं. आणि खांब काढले की पाया आला. खारेपाटातली मऊ चिकणमाती एका बिंदूवर आलेलं वजन सहज सोसत नाही. लोखंडी सांगाडा हलका म्हणून पाया कसाही चालेल, हा समज तिथे महागात पडतो.

दुकानात गेल्यावर

गर्डर साधारण १२ मीटर लांबीत येतो. ४ मीटरचे तीन तुकडे पाडले तर वाया काही जात नाही. साडेपाच मीटरचे दोन काढले तर एक मीटर उरतो, आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात. कटिंगचा हिशोब आधी कागदावर करा.

सर्वांत मोठी फसगत वजनात होते. वर दिलेले आकडे इथे कामाला येतात. दोनशेचा १२ मीटरचा एक नग काट्यावर ३०० किलोच्या आसपास भरायला हवा. मानक थोडी सूट देतं, काही टक्क्यांची. पण तो २५० किलो भरला तर आनंद मानू नका. "वजनाला कमी, म्हणून पैसे कमी" हे खरं असलं तरी त्या गर्डरची फ्लँज किंवा वेब पातळ आहे आणि इंजिनिअरचा हिशोब पूर्ण जाडीचा होता. नगावर किंवा फुटावर विकणाऱ्याकडे तर दोन्हीकडून तोटा.

गर्डरच्या अंगावर मिलचं नाव उमटवलेलं आहे का, आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक लेबलवर आहे का ते बघा. बांधकामाचं पोलाद सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाखाली येतं, चिन्हाशिवाय ते विकता येत नाही. परवाना क्रमांक खरा आहे का हे बीआयएस केअर या मोफत ॲपवर घरबसल्या तपासता येतं. मोठ्या खरेदीला मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावरचा हीट नंबर आणि मालावरचा नंबर जुळला पाहिजे. दुकानदार "एवढ्याशा मालाला कशाला" म्हणेल. मागायला लाजू नका.

पाडलेल्या कारखान्यातला जुना गर्डर स्वस्तात मिळतो आणि तो दरवेळी वाईटच असतो असं नाही. जुन्या मालाची जाडी कधीकधी चांगली असते. पण धाटावसारख्या ठिकाणच्या शेडमधून निघालेला असेल तर गंज खरवडून, कॅलिपरने वेब आणि फ्लँज दोन-चार ठिकाणी मोजूनच घ्या. वेबला आधीची भोकं आहेत का, मधे कुठे जोड आहे का, एका टोकाकडून डोळा लावून बघितल्यावर तो सरळ आहे का, एवढं बघितल्याशिवाय गाडीत चढवू नका.

परवानगीचं सांगायचं तर पेणमध्ये पेण नगरपरिषद, रोह्यात रोहा अष्टमी नगरपरिषद आणि धाटावच्या हद्दीत एमआयडीसी स्वतः बांधकामाला मंजुरी देते. मजला वाढवणं हे नवं बांधकामच धरलं जातं, ते लोखंडी असो वा काँक्रीटचं. अर्जासोबत लागणाऱ्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये बीमचा आकार, ग्रेड आणि जोडाचा तपशील लिहिलेला असतो. त्याची एक प्रत साइटवर, फॅब्रिकेटरच्या हातात असली पाहिजे. ट्रक रिकामा होण्याआधी टेप लावून गर्डरची उंची मोजायला पाच मिनिटं लागतात. एकदा तो वेल्डिंग होऊन वर डेक शीट पडली, की दीडशेचा बदलून दोनशेचा टाकायला कुणीही तयार होत नाही.